नाव घेण्याआधी

रविवार, २ ऑक्टोबर १९९४

विनीनं पुदिन्याचा सॉस माझ्यापुढे सरकवला आणि त्याच दमात म्हणाली, "डाव्या छातीत गाठ निघालीय. चांगली नाहीये म्हणतात. बटाटे घे की गं, एवढेसेच घेतलेस."

पन्हळ गळतेय, माणूस बोलवायला हवा, अशा सुरात सांगितलं. मी बटाटे घेतले. खाल्लेसुद्धा. आता घरी येऊन बसल्यावर त्यांची चव आठवायला गेले तर काहीच आठवत नाही.

माझी भाची फ्रान्सिस जेवायला होती. विनीनं तोंड उघडायच्या आत ती उत्तर देत होती. सर्जन कोण, कधी, कुठला वॉर्ड. "मम्मीला यातलं काय कळतंय, उर्सुला मावशी! मी बघतेय सगळं." विनी तिच्याकडे बघून हसली आणि कस्टर्ड आणायला आत गेली. विनी सदुसष्टची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. शाळेत तिचे जुने कपडे, जुने बूट आणि जुन्या नन्स, सगळं माझ्या वाट्याला आलं. ती गेली तर मला लहानपणीच्या नावानं हाक मारणारं कुणीच उरणार नाही. हे लिहायला नको होतं.

निघताना तिनं नेहमीप्रमाणे चर्चमधल्या अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्यांची पिशवी हातात दिली. "तुमच्या जंगलात सारखी वीज जाते ना," म्हणाली. मग म्हणाली, "एकोणीसला ये म्हटलं असतं, पण तुझं ब्रिज असेल."

असेल, म्हटलं. पौर्णिमेला मी पत्त्यांचं ब्रिज खेळायला जाते, असं तिला इतकी वर्षं सांगत आलेय की तिला माझ्या तारखा माझ्यापेक्षा जास्त पाठ झाल्यात. बिचारी कधी शंका घेत नाही.

घरी येताना ब्रोकनहर्स्टच्या अलीकडे जंगलातली मोकाट तट्टं रस्त्यात उभी होती. मी गाडी थांबवून हॉर्न न वाजवता बसून राहिले. ती हलेपर्यंत रडून घेतलं.

बुधवार, ५ ऑक्टोबर

थेल्माकडे गेले. आमच्या मंडळात आम्ही सात जण. गावातले लोक आम्हाला चेटकिणी म्हणतात, आम्हीही आपसात म्हणतो, पुरुष असून डेस्मंडलासुद्धा. थेल्मा आमच्यातली मोठी. आयुष्यभर तिनं लोकांना गाडी चालवायला शिकवलं, त्यामुळे देवीची प्रार्थनाही ती 'आरशात बघा, मग वळा' अशा आवाजात म्हणते.

मी म्हटलं, "पौर्णिमेच्या वर्तुळात विनीचं नाव घ्यायचंय. बरं वाटण्यासाठी. सगळ्यांनी मिळून."

थेल्मानं चहा ओतता ओतता विचारलं, "तिला विचारलंस?"

"तिला कसं विचारू? तिला माहीतच नाही मी कोण आहे ते."

"मग नाही घेता येणार."

मला वाटलं ती थट्टा करतेय. नव्हती करत. पहिल्याच दिवशी शिकवतात ते मलाही ठाऊक आहे: कुणाला इजा होत नसेल तर मनाला येईल ते कर. ऐकायला किती सोपं. पण थेल्मा त्या 'इजा' शब्दात सगळं जग बसवते. माणसाला न विचारता त्याच्या आयुष्यात हात घालणं हीही इजाच. तो हात औषध घेऊन आलेला असला तरी.

"थेल्मा, ती मरेल! बुडणाऱ्या माणसाला काय विचारत बसतेस, बाहेर काढू का म्हणून?"

"बुडणारा बोलू शकत नाही. विनी बोलू शकते. आत्ता ती कोबी शिजवत असेल. फोन आहे तिच्याकडे."

डेस्मंड कोपऱ्यात बसून लाकडं सोलत होता. तो म्हणाला, "थेल्मा, एवढ्यासाठी एवढं ताणू नये. बहीण आहे तिची."

"म्हणूनच," थेल्मा म्हणाली. मग तिनं जुनी गोष्ट सांगितली. तरुणपणी शेजारणीचा मुलगा घर सोडून जहाजावर गेला होता. आईचे डोळे कोरडे पडेनात म्हणून थेल्मानं एकटीनं वर्तुळ घातलं आणि त्याला परत बोलावलं. तो आला. "अजून तिथेच आहे. त्याच खुर्चीत. खिडकीतून बघत असतो. मी दुकानात जाताना हात करते, तो करत नाही."

मी रागावून निघाले. डेस्मंड गाडीपर्यंत पोचवायला आला आणि मधाची बाटली दिली. त्याच्याकडे मध फार होतो बहुतेक, दर खेपेला देतो.

एक चर्च मी तिथल्या 'नाही' ला कंटाळून सोडलं. लेनर्डचं आधी एक लग्न होऊन मोडलेलं होतं, म्हणून त्याच्याशी लग्न केल्यावर मला चर्चमधला पवित्र प्रसाद नाही. सगळे रांगेत उठून जायचे आणि मी बाकावर गुडघे बाजूला करून त्यांना वाट द्यायची. आता लेनर्डही नाही. आणि चर्च सोडून ज्यांच्यात आले, तिथेही हे 'नाही'. आणि तेही विनीच्या बाबतीत.

रविवार, ९ ऑक्टोबर

विनीला तीन वेळा फोन केला. एकदा हवेबद्दल बोललो, एकदा फ्रान्सिसच्या नवऱ्याच्या पाठीबद्दल, एकदा तिनंच विचारलं, "उर्सी, तुला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "नाही गं, सहज केला."

काय सांगणार? की मी चेटकीण आहे, तुझं नाव घ्यायची परवानगी दे? विनी रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जाते. चर्चमधली फुलं ती बदलते. शाळेत असताना मे महिन्याच्या मिरवणुकीत मरियामाउलीच्या मूर्तीवर मुकुट चढवायला विनीला निवडलं होतं. मी खाली उभी राहून तिच्या पांढऱ्या मोज्यांकडे बघत होते. एका मोज्याला भोक होतं, ते फक्त मला माहीत होतं, कारण पुढच्या वर्षी तो मोजा मला मिळणार होता. सगळ्या कॉन्व्हेंटला मेणाच्या पॉलिशचा वास यायचा. अजून कुठे तो वास आला की मी पाठ ताठ करून उभी राहते.

तिला कळलं तर ती ओरडणार नाही. ओरडली तर बरं. ती गप्प होईल आणि रविवारी जेवायला बोलवायचं हळूहळू सोडून देईल. आणि हे सगळं आत्ता, तिच्या अशा दिवसांत.

दुपारी विनीचा इथे राहिलेला स्कार्फ काढला. हिरवी मेणबत्ती काढली. स्वयंपाकघराच्या टेबलावर सगळं मांडलं. थेल्माला कळणार नव्हतं. जे पाठवावं ते तिप्पट होऊन परत येतं म्हणतात, पण मी चांगलंच पाठवत होते, मग भीती कसली? काडी ओढली. आणि मग मला सुचेना, मागायचं काय. बरं वाटू दे म्हणजे नक्की काय? तिला किती दिवस हवेत, कसे हवेत, कशाची भीती वाटते, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. काडी बोटापर्यंत आली. फुंकली. सद्गुण वगैरे काही नाही, बोट भाजलं म्हणून.

स्कार्फ धुऊन वाळत घातला.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

फ्रान्सिसचा फोन. सर्जननं दोन मार्ग सांगितले होते. नुसती गाठ काढायची आणि मग किरणांचे उपचार, नाहीतर सगळा स्तनच काढायचा. दोन्हींत धोका सारखाच, म्हणाला, तुम्ही ठरवा. "आम्ही सगळं काढायचं ठरवलंय. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"विनी काय म्हणते?"

"मम्मी काही म्हणत नाही. ती ऐकते. आणि मावशी, फादर मॅलडननी रविवारी तिच्यासाठी नोव्हेना सुरू केली, नऊ दिवसांची प्रार्थना. वेदीवरून नाव वाचलं, आजारासकट! सगळं चर्च प्रार्थना करतंय. किती चांगली माणसं आहेत ना?"

"हो. विनीला बरं वाटलं असेल."

"काही बोलली नाही. घरी येऊन खिडक्या पुसत बसली. तीन तारखेला ऑपरेशन आहे. तू पण जरा समजाव तिला, तिनं आनंदी राहायला हवं."

इतकी माणसं विनीच्या मागे उभी आहेत, याचं मला हायसं वाटायला हवं. खिडक्या का पुसल्या असतील कोण जाणे. ऑक्टोबरात कुणी खिडक्या पुसत नाही.

बुधवार, १९ ऑक्टोबर

हातांना अजून व्हिनेगरचा वास येतोय. जेवढं आठवतंय तेवढं लिहिते.

मंडळात येत नाही म्हणून थेल्माला कळवलं आणि चार वाजता विंचेस्टरला विनीकडे पोचले. विनी एप्रन बांधून सफरचंदांची चटणी करत होती. मला बघून तिच्या हातातली सुरी थांबली.

"आज? आज कशी काय तू?"

"सहज."

"उर्सी, आज पौर्णिमा आहे."

"ब्रिज रद्द झालं."

विनीनं माझ्याकडे एक सुरी आणि सफरचंदांचं भांडं सरकवलं. "ब्रिज," ती म्हणाली. "तुला आयुष्यात हुकूम मोजता आले नाहीत. बाबा तुला भिडू घ्यायचे नाहीत. आणि सांगतेस मला ब्रिज."

मी सफरचंद सोलत राहिले. साल तुटू न देता. शाळेत आम्ही तशी पैज लावायचो.

"विनी, मी तुला काहीतरी विचारायला आलेय. आधी सांगावं लागेल, मग विचारता येईल."

"चेटकीण आहेस ते?"

साल तुटली.

"माझ्या लक्षात आलं त्याला किती वर्षं झाली! तुला काय वाटतं, कुणाच्या घरात इतकी वीज जाते? पहिल्यांदा कळलं तेव्हा मी महिनाभर झोपले नाही. मग लेनर्डच्या अंत्यविधीला ती तुझी थेल्मा आली होती, तिनं उभं राहून सगळ्यांची भांडी घासली. म्हटलं, असतील तशा असतील. आता विचार काय विचारायचंय ते. व्हिनेगर उतू जाईल."

मग मी विचारलं. कसं विचारलं ते नीट आठवत नाही. आम्ही सगळे हात धरून गोल उभे राहतो, तुझं नाव घेऊ, तुला बळ मिळावं म्हणू. एवढंच.

"कपडे घालून?"

"विनी! हॅम्पशायरमध्ये, ऑक्टोबरात! कोट घालून. डेस्मंड तर दोन बनियन घालतो."

ती हसली. खूप दिवसांनी तिचे मागचे दात दिसले. मग गंभीर झाली. "पण मला कशाला विचारतेस? तिथे जंगलात घ्यायचं नाव. मला कुठे कळणार होतं?"

"आमच्यात न विचारता चालत नाही."

"चांगल्यासाठीसुद्धा?"

"चांगल्यासाठीसुद्धा."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर नाही घेणार."

"लपूनछपून पण नाही? मनातल्या मनात?"

"नाही."

विनीनं चटणी ढवळली. इतका वेळ ढवळली की मला वाटलं ती विसरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग नको, उर्सी."

मला लागलं. खोटं कशाला लिहू? एवढं सगळं उघडं केलं, आणि नको. पण म्हटलं, "बरं." आणि पुढचं सफरचंद घेतलं.

विनी वळली. डाव हातातच. डावातून चटणी फरशीवर ठिबकत होती. "बरं? एवढंच? समजावणार नाहीस? माझ्या भल्यासाठी आहे, म्हणणार नाहीस?"

"तू नको म्हणालीस ना."

आणि ती रडायला लागली. विनी! आई गेली तेव्हाही जी बाहेर जाऊन रडली होती. एप्रननं तोंड झाकून ती म्हणाली, "या सगळ्यात मला कुणी काही विचारलंच नाही गं. डॉक्टर फ्रान्सिसशी बोलतात. फ्रान्सिस नवऱ्याशी बोलते. फादरनी भर चर्चमध्ये माझी छाती वाचून दाखवली. बाकावरचा तो म्हातारा फेनिक माझ्याकडे बघायला लागला, म्हणजे कुठे बघायला लागला ते सांगायला नको. सगळे इतके चांगले आहेत! चांगल्या माणसांना नाही कसं म्हणायचं? मला नाही येत. मला कधी आलंच नाही. आज तुला म्हणून बघितलं, जमतं का ते."

"जमलं की."

"जमलं." तिनं नाक पुसलं. "मला सगळं नाही काढायचं, उर्सी. फक्त गाठ. सर्जनच म्हणाला ना दोन्ही सारखं आहे. मग मला माझं अंग हवंय. या वयात कशाला हवं, म्हणेल फ्रान्सिस. हवंय. मला काही कारण नाही देता येत."

"कारण कशाला द्यायचं?"

आम्ही बाटल्या भरल्या. एक तडकली. निघताना म्हणाली, "शुक्रवारी सर्जनकडे माझ्याबरोबर येशील? काही बोलू नकोस. नुसती बस."

घरी येताना चंद्र जंगलावर आला होता, भलामोठा, पिवळा. तिकडे सगळे हात धरून उभे असतील. मी गाडी थांबवली नाही.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

दवाखान्यात फ्रान्सिस होतीच. सर्जननं कागद उघडला आणि फ्रान्सिसकडे बघून म्हणाला, "तर मिसेस गॅरार्डच्या बाबतीत आपलं ठरलं होतं..."

"नाही," विनी म्हणाली. आवाज बारीक होता. तिनं हँडबॅग मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. "मला दुसरं करायचंय. फक्त गाठ. नंतर किरण. तुम्ही म्हणाला होतात चालेल."

सर्जननं चष्मा काढला. मला वाटलं, आता समजावणार. तर तो म्हणाला, "चालेल, मिसेस गॅरार्ड. उत्तम चालेल. मला वाटलं तुम्हाला ते नको होतं." एवढंच! मी इतके दिवस ज्याला घाबरत होते तो माणूस कागदावर एक ओळ खोडून दुसरी लिहीत होता.

बाहेर आल्यावर फ्रान्सिस माझ्यावर फुटली. "मावशी, तू काय केलंस तिला? गेल्या आठवड्यापर्यंत ती तयार होती! तुझ्या त्या जंगलातल्या मंडळींनी काही केलं का?"

"कुठल्या मंडळींनी?" मी म्हटलं.

"पुरे हं. मी बारा वर्षांची असल्यापासून मला माहीत आहे. तुझ्या फडताळावर शिंगवाला देव बसलाय. आम्हा पोरांना काय ती बकरी वाटली होती?"

मला खरंच वाटलं होतं की त्यांना ती बकरी वाटते.

"आम्ही काही केलं नाही, फ्रान्सिस. मी विचारलं. ती नको म्हणाली."

"काय नको म्हणाली?"

"आम्हाला. आमची जादू नको म्हणाली."

 फ्रान्सिस एकदम खाली बसली, दवाखान्याच्या पायरीवर, चांगला कोट घालून. "मला तिला गमवायचं नाहीये गं," म्हणाली. विनी तिच्याशेजारी बसली. पायरी ओली होती, पण दोघी उठेनात. मग मीही बसले. गुडघ्यांनी तक्रार केली.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

आज आमचा मोठा दिवस. थेल्माच्या शेतामागे, ओकच्या झाडाखाली, उजेड असतानाच जमलो, म्हाताऱ्यांना अंधारात पाय दिसत नाहीत म्हणून. गेलेल्यांची नावं घेतली. मी आईचं घेतलं, लेनर्डचं घेतलं. डेस्मंडनं त्याच्या बायकोचं घेतलं. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी नाव घेताना तो टोपी काढतो.

मग जिवंतांची पाळी. ज्यांनी हो म्हटलंय त्यांची. एकेक जण नाव घेत होता आणि वर्तुळ माझ्याकडे येत होतं. तीन दिवसांवर विनीचं ऑपरेशन. तिचं नाव माझ्या दातांच्या मागे येऊन उभं होतं. मनातल्या मनात घेतलं तर कुणाला कळणार? पण 'मनातल्या मनात पण नाही' असं मी तिला सांगितलं होतं. आणि विनी, गंमत म्हणजे, माझ्यावर विश्वास ठेवून आत्ता घरी चहा पीत असणार. मी विचार करायला दुसरं काहीतरी शोधलं. सात, चौदा, एकवीस. सातचा पाढा म्हणत राहिले. सिस्टर बेनेडिक्टनं छडी घेऊन शिकवलेला तो पाढा देवीच्या वर्तुळात असा उपयोगी पडेल हे तिला कळलं असतं तर!

माझी पाळी आली. म्हटलं, "आज माझ्याकडे नाव नाही." थेल्मानं माझा हात दाबला. इतका जोरात की अंगठी रुतली.

नंतर सूप पिताना तिला म्हटलं, "त्या दिवशी मला तुझा फार राग आला होता."

"मला कळलं होतं. दार आपटलंस."

"मला वाटायचं हा नियम आपल्याला अडवायला आहे."

"तो आहेच अडवायला," थेल्मा म्हणाली. "माझ्यासारख्यांना. पाव घे."

मला वाटतं मी काहीतरी मोठं लिहायला हवं होतं आज. पण सुपात मीठ जास्त होतं आणि मला भीती वाटतेय. तीन तारीख.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

दवाखान्याच्या बाकावर फ्रान्सिस आणि मी. तिनं थर्मास आणला होता, अंड्याचे सँडविच आणले होते. माझ्यासाठी कडा कापलेले. तिला कुणी सांगितलं मी कडा खात नाही? ती रोझरीचे मणी ओढत जप करत होती. मी नुसती बसले होते. ती मध्येच थांबून म्हणाली, "तुला यातलं चालत असेल तर माझ्याबरोबर म्हण. नसेल तर राहू दे. विचारतेय नुसतं."

म्हणाले. शब्द सगळे आले. एकही विसरले नव्हते.

विनी बाहेर आली तेव्हा पांढरी, लहानशी, आणि तिचं पहिलं वाक्य: "त्या नर्सला कुणीतरी सांगा माझी कवळी कुठेय."

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

काढलेल्या गाठीच्या कडा स्वच्छ! बगलेतल्या गाठींत काही नाही! सर्जन विनीकडे बघून बोलला. विनीनं विचारलं, "म्हणजे मी जगणार?" तो म्हणाला, "किरणं घ्यावी लागतील, मिसेस गॅरार्ड, पण हो, मला तसं वाटतंय." ती म्हणाली, "मग मला आत्ता केक हवा."

आम्ही तिघींनी केक खाल्ला. कॉफी वॉलनट. फ्रान्सिसनं दोन तुकडे. मी गाडीत बसून एकटीच मोठ्यानं हसले. तट्टं मागे बघायला लागली.

थेल्माला फोन केला. ती म्हणाली, "छान. आणि आपण काहीच केलं नाही." आणि बराच वेळ दोघीही फोन धरून हसत राहिलो.

रविवार, १३ नोव्हेंबर

विनीकडे जेवण. ती डाव्या हातानं काही उचलू शकत नाही, म्हणून मांस मी कापलं, वेडंवाकडं. जेवण झाल्यावर फ्रान्सिस भांडी घासायला गेली आणि विनीनं मला समोर बसवलं. अगदी मदर सुपीरिअरसारखं.

"उर्सी, मला काहीतरी सांगायचंय. आणि मग विचारायचंय."

मी लगेच विचारलं, "रिपोर्ट?"

"नाही गं. रिपोर्ट चांगलाच आहे. तू चर्च सोडलंस त्या वर्षापासून मी रोज चहानंतर तुझ्यासाठी प्रार्थना करते. तू परत यावीस म्हणून. रोज. एक दिवस चुकवलेला नाही, ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा मनात केली. आणि तुला कधी विचारलं नाही. चांगल्यासाठीच होतं, म्हणून विचारावंसं वाटलंच नाही. हे मला तिथे पलंगावर पडल्या पडल्या सुचलं." तिनं टेबलावरचा चुरा बोटानं गोळा केला. "तर आता विचारते. करू का पुढे?"

खिडकीची काच स्वच्छ होती. बाहेर तिच्या बागेत एक रॉबिन पक्षी फावड्याच्या दांड्यावर बसला होता. माझ्या मनात आलं, हो म्हणावं. तिला किती आनंद होईल. इतकी वर्षं एकही दिवस न चुकवणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं? आणि मग मला कळलं की विनी माझ्या तोंडाकडे बघत होती ती मी हो म्हणावं म्हणून नव्हे. मी खरं सांगते का, ते ती बघत होती.

"परत येण्यासाठी नको, विनी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मान हलवत राहिली. "बरं," म्हणाली. अगदी नीट म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, "पण मग चहानंतर मी करू काय? ती वेळ रिकामी राहील. हाताला सवय आहे मण्यांची."

"दुसऱ्या कुणासाठी कर."

"कुणासाठी? चर्चमधल्या सगळ्यांसाठी कुणी ना कुणी करतंच आहे."

"डेस्मंडसाठी कर. त्याला कुणी नाही. बायको गेल्यापासून एकटाच आहे."

विनी लगेच टेबलावरून पुढे झुकली. "त्याला विचारलंस?"

मी तिच्या बैठकीतल्या फोनवरून डेस्मंडला फोन केला. सगळं सांगितलं. माझी बहीण, कॅथलिक, रोज चहानंतर, मणी ओढून. चालेल का? पलीकडे त्यानं खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

मग तो म्हणाला, "हो म्हणाव तिला, उर्सुला. कुणीतरी करावं असं बरेच दिवस वाटत होतं."

मी आत जाऊन निरोप दिला. विनीनं उजव्या हातानं एप्रनच्या खिशातून मणी काढले, मांडीवर नीट मांडले आणि म्हणाली, "पूर्ण नाव काय त्याचं?"